धोंड्याचा भाऊ

"राजाच्या पंगतीत धोंड्या काय करतो?" पुष्करनं विचारलं.

निनादनं आधी शर्टाची कॉलर एका बाजूला ओढली. मग खालचा ओठ सैल सोडला, बुबुळं नाकाकडे वळवली आणि म्हणाला, "म्या... म्या ताट खातुय."

"ताटातलं?"

"न्हाय. ताट."

यास्मिनच्या नाकातून चहा आला. मी टेबलावर डोकं टेकून हसत होते. श्वास घ्यायला वर आले तर निनाद खरोखरच वहीचा कोपरा चावत होता, म्हणून परत खाली गेले.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. नाशिकला पुष्करच्या काकांची शिकवणी होती, अकरावी-बारावीचं गणित. रविवारी वर्ग रिकामा असायचा. तिथं दर रविवारी सकाळी दहाला आम्ही चौघं जमायचो आणि फाशांचा एक खेळ खेळायचो. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. सांगणारा पुष्कर, म्हणून त्याला आम्ही मास्तर म्हणायचो. मास्तर म्हणणार, "समोर दरी आहे, काय करता?" आपण म्हणायचं, "उडी मारतो." मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर पलीकडे, लहान पडला तर दरीत.

आपलं पात्रसुद्धा फासेच ठरवायचे. ताकद किती, चपळाई किती, बुद्धी किती, प्रत्येकासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज कागदावर मांडायची. जास्तीत जास्त अठरा. एकदा पडलेला आकडा बदलायचा नाही, हा आमच्या टेबलाचा कायदा. पडलं ते पडलं. याचा आम्हाला फार अभिमान होता. दुसऱ्या गावची पोरं म्हणे आवडेपर्यंत फासे टाकतात, आम्ही त्यातले नव्हतो.

निनादला बुद्धी पडली होती पाच. निनाद क्षेमकल्याणी म्हणजे आमच्यातला सगळ्यात हुशार, कॉलेज रोडवर वाढलेला, इंग्रजी शाळेतला, पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करणारा. बुद्धी कमी म्हटल्याबरोबर त्याची भाषा आपोआप खेड्यातली झाली. का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. पात्राचं नाव ठेवलं धोंड्या.

एकदा हाच धोंड्या किल्ल्याचा चोरदरवाजा कसा शोधायचा ते पाच मिनिटं अस्खलित समजावून सांगायला लागला. पुष्करनं हरकत घेतली. "बुद्धी पाच असलेला माणूस असं बोलेल का?" मग नवीन नियम आला. ज्याची बुद्धी सातच्या खाली, त्यानं बेत आखताना तोंड उघडायचं नाही. निनादनं त्यातही गंमत केली. बेत सुरू झाला की तो खिशातला रुमाल तोंडावर बांधायचा, कानामागून गाठ मारायचा आणि वरून डोळे फिरवत "म्म म्म" करायचा. आम्ही बेत कमी आखायचो आणि हसायचो जास्त.

हे सगळं मी घरी सांगायचे, पण असं नाही सांगायचे.

घरी आई आणि दादा. श्रीरंगदादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. डॉक्टरांच्या कागदावर त्याच्यासाठी एक लांबलचक शब्द आहे. आई म्हणायची, "आमचा श्री जरा सावकाश आहे." शेजारचे म्हणायचे, भोळा आहे. गल्लीतली पोरं काय म्हणायची ते मी लिहिणार नाही, त्यातल्या दोघांना मी लहानपणी दगड मारलेले आहेत. लग्नपत्रिकांच्या छापखान्यात तो घड्या घालायचा. मालक म्हणायचे, यंत्राची घडी तिरकी येते, श्रीरंगची येत नाही. हिशेब त्याला जमायचा नाही आणि नवीन माणसाचं घाईघाईचं बोलणं कळायला वेळ लागायचा. पण गोष्ट एकदा ऐकली की ती त्याच्या डोक्यातून पुसली जायची नाही.

रविवारी दुपारी जेवताना तो विचारायचा, "आज काय झालं?" मी सांगायचे. त्याचा लाडका धोंड्या. कारण मी सांगितलेला धोंड्या ताट खायचा नाही. तो सगळ्यांचं ओझं वाहायचा, दिलेला शब्द पाळायचा, घाबरला तरी मागे पळायचा नाही. ओठ, डोळे, रुमाल हे सगळं मी शिकवणीच्या वर्गातच ठेवून यायचे. उंबरघाटच्या नावाड्याची म्हातारी आई धोंड्यानं पाठीवर घेऊन दोन दिवस चालत वैद्याकडे पोचवली, ही गोष्ट दादानं माझ्याकडून चार वेळा सांगून घेतली. निनादनं त्या म्हातारीला उलटी पाठीवर घेतली होती आणि तिच्या पायांशी गप्पा मारल्या होत्या. ते मी गाळलं.

तीन वर्षं असं चाललं. टेबलावर कुणालाही माहीत नव्हतं की मला भाऊ आहे. कुणी विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगायचे.

ऑगस्टमध्ये दादाचा एकतिसावा वाढदिवस रविवारी आला. काय हवं विचारल्यावर तो म्हणाला, "मला तुझ्याबरोबर खेळायला यायचंय."

"अरे, फार नियम आहेत त्यात. कंटाळशील."

"मला नियम माहितीयेत. पडलं ते पडलं."

"बघू."

आई पोळी लाटत होती. वर न बघता म्हणाली, "ने की त्याला. एवढी लाज कसली वाटते?"

"लाज कसली? काहीतरीच बोलतेस तू."

"मग ने."

मी पुष्करला फोन केला. गच्चीत जाऊन केला. म्हणाले, माझा मोठा भाऊ आहे, तो असा असा आहे, एका रविवारी आणू का. पुष्कर म्हणाला, "अगं आण की. विचारायचं काय त्यात? तू कधी बोलली नाहीस." निनादला मी वेगळा फोन केला. "त्या दिवशी धोंड्या नको हं." तो दुखावला. "ऋजुता, मला काय माणुसकी नाही का?"

माणुसकी सगळ्यांकडेच होती. तीच पुढे नडली.

त्या रविवारी दादानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि पावणेदहालाच चपला घालून दारात उभा राहिला. त्याच्याजवळ कागदाची पिशवी होती. वर्गात गेल्यावर त्यानं ती उघडली. छापखान्यातल्या बाद पत्रिकांच्या जाड कागदाच्या त्यानं उभ्या राहणाऱ्या पाट्या करून आणल्या होत्या, प्रत्येकाच्या नावाची एक. आतल्या बाजूला सोनेरी गणपती आणि बाहेर त्याच्या मोठ्या, सावकाश अक्षरात नाव. 'मास्तर' पुष्करसमोर ठेवली, 'यास्मिन' यास्मिनसमोर, 'ऋजू' माझ्यासमोर. मग तो निनादपाशी गेला.

"तुम्ही निनाद ना?"

"हो. हॅपी बर्थडे, दादा."

दादानं त्याच्यासमोर पाटी ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'धोंड्या'.

निनादनं माझ्याकडे पाहिलं. मी पाटीकडे पाहिलं.

"धोंड्या आज गावाला गेलाय," निनाद म्हणाला. "मी आज दुसरा आहे, तिरंदाज."

"कधी येणार?"

"येईल पुढच्या आठवड्यात."

दादाचं तोंड उतरलं, पण तो बसला. वाढदिवस होता, माणसं छान बोलत होती. यास्मिननं त्याला फासे दिले. ती तेव्हा दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. टेबलावर तिच्याइतकं कमी बोलणारं कुणी नव्हतं. दादानं तीन फासे दोन्ही हातांत धरून हलवले आणि हळूच सोडले, जणू ते फुटतील.

"ताकद," पुष्कर म्हणाला. "तीन, दोन, एक. सहा. असू दे. पुढे चपळाई."

चपळाई अकरा पडली. मग बुद्धी. एक फासा सहावर थांबला, दुसरा सहावर, तिसरा टेबलाच्या कडेपर्यंत जाऊन पाचावर.

"सतरा!" यास्मिन म्हणाली. "तीन वर्षांत इथं कुणाला सतरा पडली नाही बुद्धी."

दादा हसला. मान खाली घालून, स्वतःशीच. पुष्करनं पेन्सिल उचलली, पण लिहिलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला आणि मला राग यायला हवा होता. आला नाही. मला वाटलं, किती समजूतदार मुलगा आहे.

"काय करूया श्रीरंगदादा," पुष्कर म्हणाला, "सतरा बुद्धी म्हणजे जादूगार. त्याला मंत्र पाठ ठेवावे लागतात, कुठला कधी वापरायचा त्याचे तक्ते आहेत. डोक्याला ताप. आपण असं करू, सतरा ताकदीला देऊ आणि सहा बुद्धीला. मस्त पैलवान होईल. धोंड्यासारखा."

"पण पडलं ते पडलं," दादा म्हणाला.

"हो, पण..."

"ऋजूनं सांगितलंय मला. बदलायचं नसतं."

पुष्करनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आणि मी बोलले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. "दादा, आज तू पाहुणा आहेस. पाहुण्याला सवलत असते. आणि पैलवानच जास्त मजेशीर असतो."

दादानं थोडा वेळ विचार केला. मी त्याला कधी फसवत नाही, असं तो धरून चालायचा. "बरं," तो म्हणाला.

पात्राचं नाव विचारल्यावर मात्र तो लगेच बोलला. "धोंड्याचा भाऊ."

"नाव काय भावाचं?"

"धोंड्याचा भाऊ. तेच नाव."

खेळ सुरू झाला. पुष्करनं त्या दिवशी खरंच छान सांगितलं, सावकाश, दादाकडे बघत. आम्ही किल्ल्यातून राजाची मुद्रा पळवून आणली होती, मागे सैन्य लागलं होतं, समोर पुराची नदी आणि पूल जळालेला. "अर्ध्या प्रहरात सैनिक पोचतील," पुष्कर म्हणाला. "काय करता? बेत आखा."

"मला माहितीये," दादा म्हणाला.

"एक मिनिट," पुष्कर म्हणाला. तो सवयीनं बोलला, हे मला तेव्हाही दिसत होतं. तीन वर्षांत हे वाक्य त्यानं शंभर वेळा म्हटलं असेल. "बुद्धी सहा. बेताच्या वेळी बोलायचं नाही."

"का?"

"नियम आहे. धोंड्यालाही तोच होता."

आणि निनादनंही सवयीनंच खिशातून रुमाल काढला. पांढरा, निळ्या काठाचा. "धोंड्याच्या भावाला धोंड्याचा रुमाल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तुच्छता नव्हती, उलट मानाचा फेटा द्यावा तसा त्यानं तो पुढे केला. दादाचा चेहरा उजळला. धोंड्याची वस्तू मिळाली होती त्याला. त्यानं तो तोंडावर धरला, निनादनं मागून गाठ मारून दिली.

मी मध्ये पडले नाही. मी नदीचा नकाशा बघत होते, असं म्हणू.

आम्ही बेत आखायला लागलो. तराफा बांधायचा का, दोर टाकायचा का, मुद्रा पुरून ठेवून शरण जायचं का. दादानं हात वर केला. "मुका, मुका," निनाद हसत म्हणाला. दादानं हात खाली घेतला. आम्ही दोराची लांबी मोजली. दादानं परत हात वर केला. पुष्कर म्हणाला, "थोडंच थांब दादा, मग तुझी पाळी." पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. दोर पुरत नव्हता, झाडं तोडायला वेळ नव्हता. बेत काही जमेना.

मग दादा उभा राहिला. रुमाल तोंडावर तसाच. त्यानं दोन्ही हातांनी हवेत काहीतरी धरलं आणि मागे ओढलं, पुढे ढकललं, मागे ओढलं. "म्म," तो म्हणाला. "म्म, म्म." बोट नदीच्या नकाशावर टेकवलं, मग पाठीवर ओझं घेतल्यासारखा वाकला, परत हात चालवले. तो वल्ही मारत होता. पाठीवर उंबरघाटची म्हातारी होती. आम्ही तिच्या मुलाला हाक मारली असती तर तो होडी घेऊन आला असता, कारण दोन वर्षांपूर्वी त्यानं तसं वचन दिलं होतं. टेबलावरचे चौघे ते विसरले होते. ते आठवणारा एकच माणूस त्या खोलीत होता आणि त्याचं तोंड आम्ही बांधून ठेवलं होतं.

हे मी नंतर आठवून जुळवलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की माझा भाऊ रुमाल बांधून हातवारे करतोय आणि निनाद खुर्चीवर मागे रेलून खदाखदा हसतोय.

"अरे, हा तर माझ्यापेक्षा भारी करतो!"

पुष्कर हसला. यास्मिन हसली का, ते मी पाहिलं नाही. मी हसले. ओठ मिटून, पण हसले.

दादा थांबला. त्यानं रुमाल ओढून खाली घेतला, तो गळ्यात लोंबत राहिला.

"काय भारी करतो मी?"

"काही नाही रे दादा, गंमत," निनाद म्हणाला.

"धोंड्या असं करतो?"

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, नळीचं पाणी पत्र्यावर पडल्याचा आवाज येत होता.

"ऋजू," दादा म्हणाला, "धोंड्या कसं करतो? तू दाखव."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला ते येत होतं. ओठ कसा सोडायचा, डोळे कुठे वळवायचे, सगळं तोंडपाठ होतं. मैत्रिणींना करून दाखवलंही होतं मी एकदा.

"मला नाही येत," मी म्हणाले.

"यास्मिन, तुम्ही दाखवा."

यास्मिन खाली बघत होती. "चांगलं नाहीये ते, दादा. नको."

"त्याला हसायचं असतं का?"

"हो."

"ऋजू हसते?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "आम्ही सगळेच हसतो," ती म्हणाली.

दादानं गळ्यातला रुमाल सोडवला. टेबलावर सपाट केला. कोपऱ्याला कोपरा जुळवला आणि कडेवरून नख फिरवत त्याची घडी घातली, छापखान्यात घालतो तशी. मग अजून एक. आणि मग माझा तोल गेला. आजही मला तो संताप अंगात जसाच्या तसा आणता येतो.

"लाज वाटत नाही तुम्हाला?" मी उभी राहिले. "पडलं ते पडलं म्हणे. फार मिरवता ना कायदा? माझ्या भावाला सतरा पडल्याबरोबर गेला कुठं तो? निनादला पाच पडले तेव्हा कुणी म्हणालं का, अरे तू फार हुशार आहेस, तुला पाच झेपायचे नाहीत, बदलून घे? हुशार माणसानं ढ व्हायचं, ते चालतं. त्याला अभिनय म्हणायचं. आणि दादानं एक दिवस हुशार व्हायचं म्हटलं तर त्याच्या डोक्याला ताप होईल! तुमच्या खेळात माणसाला पंख फुटतात, मेलेला राजा उठून बसतो, तेवढं एक जमत नाही. आणि तू रे, तुझ्या धोंड्याला फक्त बुद्धी कमी पडली होती ना? मग लाळ कुठून आली? तिरळे डोळे कुठून आले? खेड्यातली भाषा कुठल्या फाशावर पडली होती?"

निनाद पांढरा पडला होता. "मला खरंच वाईट वाटतंय," तो म्हणाला.

पुष्कर मात्र शांतपणे बोलला. त्याचा शांतपणा मला फार लागला. "ऋजुता, आकडे बदलायचे मी सुचवले. चुकलं माझं. पण पाहुण्याला सवलत असते, हे तू म्हणालीस."

"म्हणून?"

"आणि धोंड्यावर तीन वर्षं इथं सगळ्यात मोठ्यानं कोण हसायचं? तुला हे बोलायचं होतं तर त्यातल्या एका रविवारी बोलायचंस. आम्हाला तर माहीतही नव्हतं की तुला भाऊ आहे."

मी अजून आवाज चढवला. काय म्हणाले ते आठवत नाही. शेवटी पिशवी उचलली. "चल दादा. निघू आपण."

"नाही," दादा म्हणाला.

"दादा, ऊठ."

"माझा वाढदिवस आहे. मला खेळायचंय." तो माझ्याकडे बघत नव्हता. पुष्करला म्हणाला, "मास्तर, माझे सतरा द्या."

पुष्करनं खोडरबर घेतलं, ताकदीपुढचे सतरा खोडले, बुद्धीपुढचे सहा खोडले आणि जिथले तिथं लिहिले. कागद दादाकडे फिरवला. दादानं दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून बघितलं.

"मंत्र मला एकदम नका सांगू. एक एक सांगा. लिहून द्या."

"देतो."

"आणि तो रुमालाचा नियम?"

"तुला नाही लागू आता. सतरा आहे तुझी."

"धोंड्याला?" दादा म्हणाला. "तो परत आला की?"

निनादनं समोरची पाटी उगीच सरळ केली. मग तोच म्हणाला, "नियम काढून टाक, पुष्कर."

"काढला."

दादानं मान हलवली. मग तो माझ्याकडे वळला. रागावलेला दिसत नव्हता. एखादी घडी तिरकी आली की ती बाजूला काढून ठेवताना त्याचा चेहरा असतो, तसा होता.

"ऋजू, तू बाहेर बस."

"मी?"

"तू हसतेस."

"दादा, अरे आता एवढी भांडले ना मी तुझ्यासाठी."

"आज भांडलीस," तो म्हणाला.

मी बाहेर गेले. शिकवणीच्या पायरीवर बसले, दोन तास. दार लोटलेलं होतं. आतून आवाज यायचे, शब्द कळायचे नाहीत. पुष्करचा आवाज, मग बराच वेळ दादाचा, मधे कुणीही न बोलता. एकदा सगळे मोठ्यानं हसले आणि मी उठून उभी राहिले. पण त्यात दादाचं हसणं होतं, आणि सगळ्यात आधी सुरू झालेलं तेच होतं. एकदा निनाद काहीतरी बोलला, साध्या, स्वतःच्या आवाजात. मी परत बसले. माझ्याच गल्लीतल्या पोरांना दगड मारणारी मी, त्या पायरीवर बसून मला पहिल्यांदा वाटलं की दगड मारणं फार स्वस्तात पडलं आपल्याला. गल्लीतली पोरं निदान त्याच्या तोंडावर बोलायची.

दीड वाजता दादा बाहेर आला. हातात त्याचा कागद होता, चार घड्या घातलेला. स्कूटरवर मागे बसला. सिग्नलला थांबल्यावर मी विचारलं, "काय झालं मग? नदी ओलांडली?"

"सांगणार नाही."

"का रे?"

"तू मला दुसराच धोंड्या सांगायचीस."

"चांगला सांगितला ना पण? खऱ्यापेक्षा चांगला."

"हो," दादा म्हणाला. "पण तो तिथं नव्हता. मी पाटी करून आणली त्याची."

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न वाजवला तेव्हा मला गाडी सुरू करायचं सुचलं.

मी त्या टेबलावर परत गेले नाही. दादा गेला. दर रविवारी, एकटा, बसनं. पुष्कर कॅनडाला जाईपर्यंत सहा वर्षं. निनाद पुढे धोंड्याला परत घेऊन आला एवढं मला माहीत आहे, कारण रस्त्यात भेटला तेव्हा त्यानं ते आपणहून सांगितलं. कसा आणला, ते मी विचारल्यावर म्हणाला, "दादानं बसवून घेतला माझ्याकडून," आणि पुढे काही बोलला नाही. दाढ काढायला यास्मिनकडे गेले होते, तिलाही विचारलं. "दादांना विचार," ती म्हणाली आणि मला तोंड उघडायला सांगितलं.

दादाला मी विचारणं सोडलं आहे. तो सगळं आईला सांगायचा. अजूनही सांगतो, जुन्या गोष्टी, पहिल्यापासून. रविवारी दुपारी ओट्याला टेकून उभा राहतो आणि सावकाश, एकही माणूस न गाळता सांगतो. आई भांडी पुसता पुसता विचारते, "मग रे?" मी पाणी प्यायला आत गेले की तो थांबतो. "ऋजू आली," म्हणतो. मी पाणी पिऊन बाहेर येईपर्यंत दोघंही गप्प असतात.